डाव संपला नव्हता

"हितेऽऽश! अरे हितेऽऽश!"

विचुंबे गावातल्या एका सोसायटीत अर्धी माणसं ओरडत होती आणि उरलेली अर्धी सल्ले देत होती. लपाछपी खेळता खेळता हितेश नाहीसा झाला होता!

"गेटातून भायेर गेला असंल," सेक्रेटरी तुळशीरामकाका ठामपणे म्हणाले. "आमी सगळं बघितलं. इथं नाय तो."

मनस्वीला ते पटेना. शाळेत ती हितेशची जोडीदार होती. हितेशला ऑटिझम होता. गोंगाट त्याला सोसत नसे आणि नियम तो कधीच मोडत नसे. त्याला खेळात कसं घ्यायचं, हे बाईंनी मुलांना शिकवलं होतं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, मग थांबायचं. खेळ संपला की दोनदा ठोकून स्पष्ट म्हणायचं, 'डाव संपला.'

ती खेळातल्या अंकुशकडे वळली. "अंक्या, गोळेवाला आला तेव्हा आपण पळालो. हितेशला डाव संपल्याचं कोणी सांगितलं?"

अंकुशच्या हातातला बर्फाचा गोळा खाली पडला. "मला वाटलं, तू सांगितलंस!"

"म्हणजे तो अजून लपलाय! कितीही हाका मारा, तो ओ देणार नाही!"

पण कुठे? सकाळी जमिनीखालची पाण्याची टाकी उपसून धुतली होती. हितेश तिच्यात डोकावून गुणगुणला होता आणि आवाज घुमला म्हणून खुदकन हसला होता. मनस्वी तिकडे धावली. टाकीचं लोखंडी झाकण बंद होतं आणि बाजूच्या तोंडातून टँकरचा पाइप धो धो पाणी ओतत होता!

"काका, पाणी थांबवा! झाकण कोणी लावलं?"

"मीच. पोरं पडतील म्हणून."

"आत बघितलंत?"

"आत कोन जातंय? हो बाजूला, टँकरवाल्याला घाई हाय!"

समजावत बसायला वेळ नव्हता. तिने नुसतं अंकुशकडे पाहिलं. पठ्ठ्या टँकरच्या केबिनमध्ये चढला आणि चावी काढून पळत सुटला! इंजिन बंद पडलं, पंप थांबला. ड्रायव्हर शिव्या देत त्याच्यामागे धावला.

मनस्वीने झाकणावर दोनदा ठोकलं. "हितेश, डाव संपला."

काहीच नाही. पुन्हा ओरडावंसं वाटलं, पण ती ओठ चावून थांबली.

आतून आवाज आला. ठक, ठक.

तुळशीरामकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी झटकन झाकण उचललं. हितेश आतल्या शिडीला घट्ट धरून उभा होता. पाणी छातीपर्यंत आलं होतं, ओठ निळे पडले होते. काकांनी त्याला वर ओढून घेतलं.

"पोरी, तू नसतीस तर..." धावत आलेल्या हितेशच्या आईने मनस्वीला कवटाळलं.

"मी मोठा असून आंधळा झालो. पोरांनी वाचवला त्याला!" काकांचे डोळे भरून आले.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हितेशने कान झाकले, तशी मनस्वीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्या शाबासकीने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

टॉवेलात गुंडाळलेला हितेश जमिनीकडे बघत म्हणाला, "तू उशिरा सांगितलंस."

"हो. चुकले मी."

त्याने टॉवेल आणखी घट्ट ओढला. "आता राज्य तुझ्यावर."

मनस्वीला रडू फुटलं. "उद्या खेळू," ती म्हणाली. "आणि डाव संपला की आधी तुला सांगेन."