थंड बाजूची ऊब

सापाच्या पिल्लासाठी पेटी तयार करणं हे काही अवघड काम नाही. काच, कागद, पाणी, लपायला दोन जागा आणि एका टोकाला ऊब. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी ब्यूफर्टच्या दुकानातून हे सगळं सामान आणलं, तेव्हा मनात एकच गोष्ट होती. हे पिल्लू मरता कामा नये. का, ते सांगते. तो दिवा जरा इकडे ओढा, मला हल्ली उजेडात बसायला बरं वाटतं.

पिल्लू माझ्या डॅडींचं. हॉलिस पॅजेट त्यांचं नाव. वॉल्टरबरोच्या पलीकडे दलदलीच्या काठी त्यांचं घर होतं आणि मागच्या खोलीत चाळीस वर्षं त्यांनी कॉर्न स्नेक पाळले. हा साप विटकरी रंगाचा, पोटावर मक्याच्या कणसासारखी नक्षी, विष नाही आणि स्वभावाने गरीब गाय. म्हातारपणी डॅडींनी सगळे साप देऊन टाकले. सप्टेंबरात शेवटच्या अंड्यांतून निघालेलं हे एकच ठेवलं. पेन्सिलीएवढं जाड आणि वीतभर लांब.

डॅडींचा यंत्रांवर भरवसा नव्हता. थर्मोस्टॅट लावायचे, पण रोज पेटीत हात घालून तळहात टेकवून बघायचे. "यंत्र खोटं बोलतं, तळहात बोलत नाही," हे त्यांचं वाक्य मी जन्मभर ऐकलं. दुसरंही एक होतं: ऊब फुकट येत नाही, ती कुठून तरी काढून आणावी लागते. सांधे दुखायचे म्हणून तळहातांना कायम मलम चोळलेलं, विंटरग्रीन तेलाच्या उग्र वासाचं. उजव्या तर्जनीचं टोक तरुणपणी करवतीत गेलेलं. ते अर्धं बोट उगारून रागावले की मला हसू यायचं आणि मग आणखी बोलणी बसायची.

जानेवारीत आमच्याकडे बर्फाचा पाऊस झाला. फांद्या तारांवर पडल्या आणि चार दिवस वीज गेली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी डॅडींनी मला फोन केला होता. मी गेले नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या ओडेसा फ्रेझरने दार ढकलून आत पाहिलं, तर ते मागच्या खोलीत पेटीपाशी खुर्चीवर बसलेले होते. हात पेटीत, आणि तळहाताखाली हे पिल्लू.

शेरीफच्या कचेरीतला माणूस म्हणाला, पहिल्याच रात्री गेले असणार. खोलीतलं सापाचं पाणीसुद्धा गोठलं होतं. ओडेसाने पिल्लू उचललं तेव्हा मात्र ते कोमट होतं. तिने हे मला अंत्यविधीच्या जेवणात, हातात बटाट्याच्या सॅलडची ताटली असताना, कानाशी येऊन सांगितलं. मी मान हलवली. त्या आठवड्यात लोक काय काय सांगत होते, मी सगळ्यालाच मान हलवत होते. पिल्लू उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्र्याला गाठ मारली, कोटाच्या आत धरून घरी आणलं आणि काही दिवस प्लास्टिकच्या डब्यात गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवलं.

त्या शनिवारी मी जेवणघरातल्या कपाटावर काचेची पेटी मांडली. खाली रबरी पाय लावले, एका टोकाला काचेखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवली. हे गरम टोक. दुसरं थंड टोक. साप आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातो, पण त्याला थंड बाजूही लागतेच. तळाला साधा स्वयंपाकघरातला कागद, म्हणजे पिल्लाची शी वेळेवर दिसते. थर्मोस्टॅट अठ्ठ्याऐंशीवर ठेवला, फॅरनहाइट हं, उन्हात तापलेल्या पायरीइतकं. त्याची ताप मोजणारी तार मॅटच्या वर टेकवली. झाकणाला चार चिमटे. खोली चौसष्टवर होती. तासाभराने आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला आणि तिथेच थांबला. मी तेव्हा शाळेची बस चालवायचे, यंत्रांशी माझं वैर नाही. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. डॅडींना दाखवावंसं वाटलं.

पाच दिवस आकडा हलला नाही. एका अंशानेही नाही. गुरुवारी दिवेलागणीला, बाहेर ओकच्या झाडांत अंधार साचत असताना, पिल्लाने उंदराचं गुलाबी पिल्लू गिळलं. दुकानातून गोठवलेलं आणलेलं, कोमट पाण्यात मऊ करून चिमट्याने समोर धरलं होतं मी. महिनाभर त्याने काही खाल्लं नव्हतं. मी जमिनीवर बसून रडले.

मलमाचा वास यायचा पेटीतून. मला वाटलं, अभ्र्याला लागला असेल. आणि माझा उजवा हात जरा बधिर व्हायला लागला होता. बसचं स्टिअरिंग धरलेलं कळायचं नाही. एक कप फुटला. बावन्नाव्या वर्षी हे व्हायचंच, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी दुपारी ओडेसा आली, हातात रताळं घालून भाजलेली गोड पेस्ट्री आणि काखेत रंगाचा डबा. पडवीत उभं राहून तिने आधी वर पाहिलं.

"छत पांढरं केलंस तू."

गेल्या उन्हाळ्यात केलं होतं. आमच्याकडे पडवीचं छत निळं असतं. जुनी माणसं सांगतात की निळं छत दिसलं की गेलेलं माणूस त्याला पाणी समजतं आणि ओलांडून आत येत नाही. मला जुनाट वाटलं म्हणून मी पांढरा हात मारला होता.

"निळा आणलाय," ओडेसा म्हणाली. "लाव. हसायचं असेल तर लावून झाल्यावर हस."

मी डबा तिथेच ठेवला आणि तिला आत नेऊन मोठ्या कौतुकाने पेटी दाखवली. ती वाकून बघत होती. मग कपाटामागे डोकावली.

"पोरी… ही तार कशाची?"

मी बघितलं. थर्मोस्टॅटला दोन जोडण्या असतात. त्याची स्वतःची पिन भिंतीत, आणि मॅटची पिन थर्मोस्टॅटच्या शेपटीतल्या सॉकेटमध्ये. पहिली मी लावली होती. मॅटची तार मात्र कपाटामागे जशीच्या तशी लोंबत होती, दुकानातल्या वेटोळ्यात, वरची प्लास्टिकची पट्टी सोडवायचीही राहिलेली. नवखा माणूस ही चूक करतो. हॉलिस पॅजेटच्या मुलीने करू नये.

म्हणजे मॅट सुरूच नव्हती. आठवडाभर. समोर आकडा होता अठ्ठ्याऐंशी.

ओडेसाने पेटीखाली हात घातला आणि पटकन काढला. "ऊन आहे," ती हळूच म्हणाली. दोघींपैकी कुणी बसलं नाही.

मी घाईघाईने पट्टी तोडली आणि पिन जोडली. मला वाटलं, मॅट चालू झाली की हे संपेल. आकडा एकदम खाली आला. एकोणसत्तर. मग मॅट तापायला लागली आणि हळूहळू चढायला लागला, यंत्राचा चढतो तसा. पिल्लू गरम टोकाच्या लपायच्या जागेतून बाहेर आलं. जीभ काढत, अजिबात घाई न करता, कागदावरून सरकत थंड बाजूला गेलं आणि मधोमध उघड्यावर वेटोळं करून बसलं. सापाचं एवढंसं पिल्लू उघड्यावर बसत नाही. त्याला वर काहीतरी झाकण लागतं.

माझ्याकडे लांबून ताप मोजायचं एक पिस्तुलासारखं यंत्र आहे. बसच्या इंजिनासाठी घेतलेलं. ते मी थंड बाजूवर धरलं. पिल्लाशेजारी ब्याण्णव. चार बोटं पलीकडे चौसष्ट.

"दे इकडे," ओडेसा म्हणाली. ती यंत्र बोटबोट सरकवत गेली, आणि जिथे ब्याण्णव येईल तिथे मला कागदावर पेन्सिलीने टिंब काढायला लावलं. पिल्लू हललं नाही. खिडकीतलं ऊन कपाटावरून उतरून जमिनीवर आलं तेव्हा कुठे टिंबं संपली. मग मला ती जोडावी लागली नाहीत. रुंद तळवा. अंगठा बाजूला. चार बोटं, आणि त्यातलं एक अर्धं.

पिल्लू अंगठा आणि त्या अर्ध्या बोटाच्या बेचक्यात होतं.

मलमाचा वास आता ओडेसालाही आला. तिने माझ्याकडे बघितलं. "त्या संध्याकाळी फोनवर काय बोलली होतीस त्याला?"

फोन आल्याचं मी सांगितलं होतं, पण काय बोलले ते कुणालाच नाही. त्यांचा रॉकेलचा हीटर माझ्याकडे होता. आदल्या हिवाळ्यात मागून आणलेला, परत द्यायचा राहिलेला. तोच आणून दे म्हणाले. मला नको गं, पिल्लाला पाहिजे. पूल अजून गोठले नव्हते, सातपर्यंत रस्ता चालू होता, मी गेले असते. पण आठवड्यापूर्वी त्यांनी मला दहा माणसांत ऐकवलं होतं की तुला थर्मोमीटर वाचता येतो, जीव नाही वाचता येत. तो राग होता. मी त्यांना म्हणाले…

"मी म्हणाले, हीटर कशाला हवा? तुमचा तळहात यंत्रापेक्षा भारी ना? मग ठेवा हात."

 ओडेसाने मला धीर दिला नाही आणि रागावलीही नाही. फक्त माझा उजवा हात हातात घेतला, आणि तिचा चेहरा बदलला. तिने यंत्र उचलून माझ्या तळहातावर धरलं.

चौसष्ट. खोलीइतकाच. टेबलाइतकाच.

"ऊब कुठून तरी काढून आणावी लागते, असं म्हणायचा ना तो?" ती म्हणाली. "लोरीन, हे जनावर आजच्या आज देऊन टाक कुणाला."

मी दिलं. खरंच दिलं. चार्ल्स्टनजवळ एक जाणता पाळणारा आहे, डॅडींना मानणारा. त्याने तिसऱ्या दिवशी आणून परत केलं. त्याच्याकडे तीस पेट्या आहेत, सगळ्या चालतात. हे पिल्लू मात्र मॅटवर असूनसुद्धा दगडासारखं गार. तोंड उघडं टाकलेलं, मान एका बाजूला. तो म्हणाला की हे काही रात्र काढत नाही, तुमच्या वडिलांचं आहे म्हणून तुमच्याच दारात आणलं. मी थंड बाजूला नवा कागद घातला, पिल्लू त्यावर ठेवलं आणि मॅटची पिन काढून टाकली. मग खुर्चीत बसून मोठ्याने म्हणाले, "डॅडी, घ्या." तासाभरात पिल्लाने जीभ बाहेर काढली. माझं मनगट गार पडत गेलेलं मला कळत होतं. सांगू का, बरं वाटलं. त्या फोननंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

निळ्या रंगाचा डबा अजून पडवीत आहे. येताना तुम्ही पाहिला असेल, त्यावर बसूनच तुम्ही बूट काढलेत. ओडेसा दर रविवारी चर्चहून येते, डबा हलवून बघते आणि तसाच भरलेला पाहून परत जाते. आत येत नाही.

आता मे महिना आहे. पिल्लाने दोनदा कात टाकली, हातभर लांब झालं, दर आठवड्याला खातं. डॉक्टरांनी माझ्या हाताच्या सगळ्या तपासण्या केल्या. रक्त फिरतंय, नस चांगली आहे, मग गार का ते त्यांना सांगता येत नाही. बस मी सोडली. गारवा मार्चमध्ये कोपरापर्यंत होता. आता खांद्यावर आहे. हे साप वीस वर्षं जगतात.

हे सगळं मी सोसलं असतं, आणि तुम्हाला सांगितलंही नसतं. त्यांचा हात आहे, माझ्याकडून मागतोय, मी देतेय, एवढाच आमच्या दोघांतला हिशेब होता. पण दर शनिवारी कागद बदलताना मी टिंबं काढते. सवय म्हणा. तेवढाच त्यांचा हात बघायला मिळतो.

काल काढली, तो कागद हा. धरा ना. तळवा अरुंद आहे बघा. बोटं मोजा. पाचही पुरी आहेत, आणि अनामिकेवर इथे, अंगठीएवढ्या रुंदीत, टिंबं तुटलीत. तेवढीच जागा थंड लागली.

डॅडींनी कधी अंगठी घातली नाही. माझी मात्र त्याआधीच्या शनिवारपर्यंत उजव्या हाताच्या याच बोटात होती. आता सापडत नाही.