पाच वाजताचा माणूस

ऐका गं, मध्ये कुणी बोलायचं नाही. बोललात तर सगळं विसरेन.

ऑगस्ट संपताना येतं ना, त्या सांता रोसाच्या वादळाचा आठवडा होता. आभाळ इतकं काळं, की संध्याकाळच्या आधीच दिवे लागलेले. आणि मी चौथ्या मजल्यावरच्या त्या तासावर भाड्यानं मिळणाऱ्या खोलीत, दोन खुर्च्यांच्या मध्ये उभी. थेरपिस्ट म्हणून माझा पहिला खासगी पेशंट येणार होता! हॉस्पिटलात शिकताना बाजूला कुणीतरी असायचं. इथे मी एकटी. काही भलतंच बोलले तर? तो रडायला लागला तर? मीच रडायला लागले तर?

बेल वाजली. त्या इमारतीचं दार वरून उघडत नाही, किल्ली घेऊन खाली जावं लागतं. गेले. काचेपलीकडे तो – नखशिखांत भिजलेला, आणि उलटी झालेली छत्री गुलदस्त्यासारखी धरून उभा.

“पाच वाजताचे?” मी विचारलं.

“हो, पाचचाच.”

झालं! नाव विचारायचं भानच नाही. लिफ्टमध्ये पेशंटशी बोलायचं नाही, हे पहिल्या वर्षापासून आमच्या डोक्यात भरलेलं. म्हणून मी जाळीच्या दाराकडे बघत राहिले, आणि तो माझ्याकडे. बघत होता, मला कळत होतं...

वर बसलो. मी म्हटलं, “सांगा, काय घेऊन आलात?”

“ही.” त्यानं छत्री वर केली. “मोडलीय.”

मी हसले नाही! पेशंटवर हसतात का? पण पुढे काय विचारायचं ते सगळं डोक्यातून उडालेलं. माझ्या पोटात जे होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. “तुम्हाला कशाची भीती वाटते?”

त्याचं हसू हळूहळू विरलं.

“फोनची,” तो म्हणाला. “माझ्याकडे येणारा एक मुलगा... यायचा थांबला. शेवटच्या दिवशी दारात वळून म्हणाला, सगळ्यासाठी थँक्यू. तो असं कधीच म्हणत नाही. आता त्याचा फोन बंद आहे. बहिणीचा नंबर आहे माझ्याकडे. पण लावायला हात उचलत नाही. तिनं काही... सांगितलं तर?”

म्हणजे हाही थेरपिस्ट! मला काही वावगं वाटलं नाही. आपल्या ब्यूनोस आयरेसमध्ये थेरपिस्टच थेरपिस्टकडे जातात, त्यात काय. माझ्या अंगावर मात्र काटा आला. म्हटलं, “हे एकट्यानं धरून बसू नका. फोन लावा. नाहीच जमलं तर सुपरव्हिजनला न्या, तिथे आपले पेशंट जाणत्या माणसापुढे मोकळे करता येतात. मी जिच्याकडे जाते त्या नेलिदाच्या ग्रुपमध्ये नुकतीच एक जागा झालीय.”

त्यानं मान वर केली. ते डोळे! कुणीतरी हातातलं ओझं क्षणभर धरलं की होतात ना, तसे.

आणि बेल वाजली. खालच्या दाराशी बोलायच्या भिंतीवरच्या फोनवर एक बापडा धापा टाकत होता, “माफ करा, मी पाच वाजताचा पेशंट, बस चुकली...”

मी वळले. “मग तुम्ही कोण?”

“इन्याकी. खोली बघायला आलोय, भाड्यानं. मालकांनी पाचला बोलावलं होतं.” तो उभा राहिला, कानापर्यंत लाल. “मला वाटलं, तुम्ही माझी मुलाखत घेताय. म्हटलं बाप रे, खोलीसाठी एवढं विचारतात!”

हसू नका गं! म्हणजे... हसा. मीही हसले होते तेव्हा.

मग त्यानं खोली घेतली, माझ्या आधीचा तास. मी पोचायचे तेव्हा त्याची खुर्ची अजून गरम असायची. शपथ, मी पेशंट येईपर्यंत हळूच तिच्यातच बसून राहायचे. खिडकीत बशीखाली एक मेदियालुना, तो अर्धचंद्राचा गोड पाव, झाकून ठेवलेली असायची. मी दारातच त्याला गाठायला लवकर जायला लागले.

“आज पुन्हा लवकर?” तो म्हणायचा.

“बस लवकर आली.”

“रोजच येते वाटतं. चांगली आहे तुमची बस.”

“तुमची मेदियालुना शिळी होती.”

“मग खाल्लीत कशाला?”

असं चाललं होतं. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. नेलिदाच्या बुधवारच्या ग्रुपमध्येही तो आला, पण तिथे गप्प. त्या मुलाचं काय झालं, असं मी बाहेर विचारलं की म्हणायचा, “बघतो.” आणि नजर चुकवायचा.

मग एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेच्या छपराखाली अडकलो. पाऊस कोसळतोय, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. त्यानं माझ्या गालावरची ओली बट बोटानं बाजूला केली, चेहरा जवळ आणला... आणि मी मागे सरकले.

“नको!”

“काय झालं?”

“इन्याकी... तू माझा पेशंट होतास.”

“पाव तास! तोही चुकून!”

“पण तू खरं बोललास ना? मी खरं ऐकलं ना? मग?”

तो हसायला गेला, पण हसू फुटलंच नाही. आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पेशंटवर प्रेम करायचं नाही. आज नाही, दहा वर्षांनी नाही, कधीच नाही. त्याला पाव तासाची सूट असते का, हे कुठल्या वर्गात शिकवलंच नव्हतं.

“कुणाला सांगायलाच नको,” तो पुटपुटला.

तेच मला जास्त भयंकर वाटलं. नेलिदानं गेल्या वर्षी एकाला ग्रुपमधून काढलं होतं, का, तर पेशंटबद्दल लपवलं म्हणून. मी त्या ग्रुपसाठी दोन वर्षं वाट बघितली होती. सांगितलं तर ग्रुप जाईल, कदाचित हाही जाईल. नाही सांगितलं तर... आमचं प्रेम लपून राहिलेल्या चोरासारखं जगेल. त्या रात्री डोळ्याला डोळा नाही.

बुधवार. ग्रुप नेलिदाच्या घरी, तिच्याही इमारतीत किल्लीचंच दार. नेलिदा सत्तरीची, ऐकताना सतत विणत असते. सुया थांबल्या की समजायचं, काहीतरी लागलं. माते, म्हणजे नळीनं ओढायचा कडू चहा, त्याचं भांडं हातोहात फिरत होतं. माझ्याकडे आलं तेव्हा नळी दातावर आपटली.

“मला एक सांगायचंय,” मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. पाच वाजताचं, छत्रीचं, मेदियालुनाचं, छपराचं. फक्त इन्याकीनं काय सांगितलं होतं तेवढं सोडून. ते माझं नव्हतं.

सुया थांबल्या.

“इन्याकी,” नेलिदा म्हणाली, “तिच्यासमोर बसलास तेव्हा तू पेशंट आहेस हे तुला माहीत होतं?”

“नाही. मला वाटलं मुलाखत आहे.”

“म्हणजे हिच्याकडे पेशंट होता आणि तुला थेरपिस्ट नव्हती. पोरांनो, याला उपचार म्हणत नाहीत. याला गोंधळ म्हणतात.”

कुणीतरी फिसकन हसलं. माझा जीव भांड्यात पडणार, तोच ती पुढे म्हणाली, “पण तू तिथे काहीतरी ठेवून आलास, आणि ही ते अजून सांभाळतेय. आत्तासुद्धा. कुणी दुसऱ्याचं असं सांभाळत असेल, तर ती त्याची प्रेयसी नसते रे. ती कामावर असते. ते तिच्याकडून परत घे. इथे, आमच्यासमोर.”

इन्याकी पांढरा पडला. मग बोलला. मुलाबद्दल, थँक्यूबद्दल, न लावलेल्या फोनबद्दल. त्या मुलाला काय होत होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही, विचारूही नका.

“इतके दिवस इथे बसून बोलला का नाहीस?” नेलिदानं विचारलं.

“भीती वाटली. माझ्यामुळे झालं असं तुम्ही म्हणाल म्हणून.”

“लाव फोन.”

“आत्ता?”

“आत्ता. आम्ही आहोत ना.”

स्पीकरवर रिंग वाजू लागली. एक. दोन. बायांनो, ती खोली! कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. त्याचा मोकळा हात गुडघ्यावर, माझ्यापासून वीतभर. धरावा? धरू शकते मी? मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. चौथी रिंग... पाचवी...

“हॅलो?” बाईचा आवाज. इन्याकीनं नाव सांगितलं. पलीकडे शांतता. इतकी लांब, की मी डोळे मिटले.

मग ती बाई फोन बाजूला करून ओरडली, “अरे ए! तुझा डॉक्टर आहे! कळवलं नव्हतंस होय रे गाढवा?” आणि लांबून एक झोपाळू आवाज, “फोन समुद्रात पडला म्हणून सांग! मी करतो म्हणावं!”

तो बहिणीकडे होता. समुद्रकाठी, तिच्या बेकरीत रात्रपाळीला पाव भाजत होता! इन्याकीनं फोन खाली ठेवला, तोंडावर हात घेतला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. सगळ्यांत आधी नेलिदानं त्याच्यापुढे मातेचं भांडं केलं.

“आता दुसरं,” ती सुया उचलत म्हणाली. “तुम्ही दोघं एका ग्रुपमध्ये चालणार नाही. एकमेकांकडे बघत बसाल, पेशंट कोण ऐकणार? एकानं जायचं.”

हीच भीती होती ना माझी? काढून टाकतील म्हणून? आणि मीच म्हणाले, “मी जाते. त्याला तुमची आत्ता जास्त गरज आहे.”

“गुरुवारी ये मग. तो माझाच ग्रुप आहे,” नेलिदा म्हणाली. “तिथले लोक जरा तिखट आहेत. आणि आज खाली जाऊन दार तू उघड, माझे गुडघे दुखतायत.” तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. बाकीचे चहाटळ सगळे जिन्यानं पळाले. मुद्दाम!

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. जाळीचं दार लागलं.

“लिफ्टमध्ये बोलायचं नसतं ना?” तो म्हणाला.

“पेशंटशी नाही.”

“आणि माझ्याशी?”

तेवढ्यात खाली पोचलो. बाकीचे दाराशी ताटकळत होते. त्यांना बाहेर काढलं, आणि इन्याकी निघणार तेवढ्यात मी पुन्हा कुलूप लावलं. तो आत, मी आत, बाहेर पाऊस.

“आता काय?” त्यानं विचारलं.

“मला विचार. मी तुला पहिल्या दिवशी विचारलं होतं ते.”

तो जवळ आला. अगदी हळू म्हणाला, “आयलीन... तुला कशाची भीती वाटते?”

मी म्हणाले, “एखाद्या दिवशी मी येईन... आणि खुर्ची गार लागेल, याची.”

त्यानं माझा किल्लीचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात गरम होते गं.

“मलाही,” तो म्हणाला. “म्हणून तर पेशंट गेल्यावरही मी त्याच खुर्चीत बसून राहायचो, तुला ती गरम मिळावी.”

आणि वरून, दाराजवळच्या भिंतीवरच्या फोनमधून, नेलिदा खेकसली, “किल्ली! उद्या आणून दिलीत तरी चालेल!”