छप्पर कुणाच्या मापाचं?

प्रेम हे आकाशासारखं असतं. त्याला लांबी नसते, रुंदी नसते, उंची नसते. जगातल्या कुठल्याही पट्टीने ते मोजता येत नाही.

असं म्हणणाऱ्यांनी सुताराला विचारलेलं नसतं. या गोष्टीतलं प्रेम टेपने मोजून, पेन्सिलीने खुणा करून, करवतीने कापून तयार झालेलं आहे. आणि इतकं करूनही मापात चुकलेलं आहे.

सुरुवात बुटांपासून झाली.

ती मामाच्या घरामागच्या शेडमध्ये शिरली तेव्हा दुपारचं तिरपं ऊन पत्र्याच्या भोकांतून आत उतरलं होतं. उजेडाच्या त्या काड्यांमधून धूळ सावकाश फिरत होती, कुठे पोचायची घाई नसल्यासारखी. मधोमध मामाची जुनी कॅम्पर व्हॅन उभी होती. झोपायला बाकडं, चहाला शेगडी, कपड्यांना कपाट... एके काळी ते चाकांवरचं घर होतं. मामा तरुणपणी त्यातून खूप भटकला. मग लग्न झालं आणि गुडघे गेले (हा क्रम मामाचाच), आणि गाडीत कोंबड्या राहायला आल्या. "तुला हवी तर घे, नाहीतर भंगारवाला नेईल," असं तो सकाळी म्हणाला होता, उरलेली भाजी वाढताना लोक ज्या आवाजात आग्रह करतात त्या आवाजात.

तिने गाडीला वळसा घातला. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून दोन बूट बाहेर आले होते. बुटांत पाय होते. पाय आत जात होते, जात होते... आणि बऱ्याच अंतरावर, शेगडीपाशी, एक चेहरा होता. डोळे मिटलेले. छातीवर कोंबडी.

ती खाकरली. आधी कोंबडीने डोळे उघडले, मग त्याने.

"माफ करा," तो म्हणाला. "हे तुमचं घर आहे का?"

"घर नाही, गाडी आहे."

तो घाईने उठायला गेला, डोकं छपराला आपटलं आणि त्याच्या केसांवर गंजाची भुकटी भुरभुरली. "चाकं दिसली नाहीत," तो डोकं चोळत म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं. चाकं मातीत पार रुतून बसली होती.

तो सुतार होता. मामीने जिन्याचा कठडा दुरुस्त करायला त्याला बोलावलं होतं, आणि जेवणानंतर त्याने जरा पाठ टेकली होती. मामी त्याला शिडी म्हणायची. हे चिडवणं नव्हतं, वापर होता. माळ्यावरचं काही काढायचं असलं की ती त्यालाच हाक मारायची.

ती स्वतः शिडीच्या दुसऱ्या टोकाची. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघायला तिला वाकावं लागायचं नाही. मामा तिला चिंगी म्हणायचा. ज्यांना दुकानापर्यंत येता येत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे आपणच जायचं, असं तिच्या मनात होतं. गाडीत एक खुर्ची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि गावामागून गाव. उन्हाळा लागला की निघायचं. परत कधी यायचं, हे तिने ठरवलं नव्हतं.

हे सगळं तिने त्या उंच अनोळखी माणसाला तिथेच, कोंबड्यांच्या साक्षीने सांगून टाकलं. का सांगितलं, ते तिलाही कळलं नाही.

"मग तुम्हाला सुतार लागेल," तो केसांतला गंज झटकत म्हणाला.

"लागेल."

"माझ्या ओळखीत एक आहे. झोपाळू आहे, पण हात बरा आहे."

दुसऱ्या दिवसापासून शेडमधून रंध्याचा आवाज यायला लागला. कोंबड्यांनी नाराजीने घर सोडलं. मामाने गाडीशेजारी खुर्ची टाकली आणि तो इंजिनाशी बोलू लागला. आधी रागावून, मग समजुतीने, शेवटी हातात पाना घेऊन. ती दुकानातून सुटली की थेट शेडमध्ये यायची, बाह्या सारून जुना रंग खरवडायला बसायची. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पिवळा. त्या पापुद्र्यांबरोबर त्या दोघांमधलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, कुणाच्याच लक्षात आलं नाही. मामीच्या तेवढं आलं, पण ती लसूण सोलत होती.

कपाटाला कुठलं लाकूड लावायचं ते विचारायला तो दोन तुकडे घेऊन आला. त्याने एक तिच्या डोळ्यांसमोर धरला, मग दुसरा, आणि दुकानातल्या तिच्याच सुरात विचारलं, "हे बरं, की हे?"

"पुन्हा दाखव."

त्याने दाखवले. तिने मुद्दाम पुन्हा मागितले. तुकडा खाली झाला की त्याचा चेहरा दिसायचा, आणि वर गेला की लाकडाचा वास यायचा, ओला, गोडसर... शेवटी तिने आधीचा तुकडा निवडला. आधीचा कुठला, हे दोघांनाही सांगता आलं नाही.

खुर्ची बसली, तक्ता लागला, तेव्हा पहिला रुग्ण म्हणून तिने त्यालाच बसवलं. त्याचे गुडघे जवळजवळ कानांपाशी आले. तो वरच्या ओळी भराभर वाचत गेला. शेवटच्या ओळीपाशी अडखळला.

"हे... जरा धूसर आहे."

ती बॅटरी घेऊन जवळ आली. त्याच्या डाव्या डोळ्यात उजेड धरला. बाहुली चटकन लहान झाली, मग तिच्याकडे बघून हळूहळू मोठी. इतक्या जवळून माणसाचा डोळा म्हणजे एक गावच असतं. पिवळसर रेषांच्या गल्ल्या, मध्ये काळी विहीर. तिने आयुष्यात असले कितीतरी डोळे पाहिले होते. त्यात आजवर ती स्वतः कधी दिसली नव्हती. म्हणजे दिसत असणारच, पण तिने लक्ष दिलं नव्हतं.

"खोटं बोलतोयस," ती म्हणाली.

"कशावरून?"

"ज्यांना खरंच दिसत नाही, ते अंदाज सांगतात. तू अंदाजसुद्धा सांगितला नाहीस."

"सांगितला असता," तो म्हणाला, "तर तू इतकी जवळ आली असतीस?"

बाहेर मामाच्या हातून पाना पडला. त्यानंतर बराच वेळ मामा तो पाना शोधण्याचं नाटक करत राहिला.

पण एकेक काम संपत आलं तशी शेडमध्ये एक विचित्र शांतता यायला लागली. खिडक्यांना पडदे लागले, आणि ती नुसतीच पडद्याशी चाळा करत उभी राहिली. इंजिन सुरू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो मान फिरवून कानस पुसत बसला. ती निघणार होती. तो इथलाच होता. इथले जिने, इथली दारं, इथली आत्याबाईसारखी रागावणारी मामी. थांब म्हणावं तर तिचं स्वप्न मोडायचं. चल म्हणावं तर त्याचं घर. तेव्हा दोघं पॉलिशबद्दल बोलायचे. पॉलिशबद्दल इतकं बोलणं जगात क्वचितच झालं असेल.

शेवटचं काम छपराचं होतं. जुनं गंजून चाळण झालं होतं. ते कापून टाकलं. नवं थोडं उंच कर, आत नीट उभं राहता आलं पाहिजे, एवढंच ती म्हणाली होती. त्याने लाकडी सांगाडा केला, वर पत्रा चढवला, आतून फळ्या लावल्या. सगळं इतकं सुरेख झालं की मामीनेसुद्धा आत येऊन बघितलं आणि दोष सापडला नाही म्हणून नाराज होऊन परत गेली.

निघायच्या दिवशी हवा स्वच्छ होती. ती चालकाच्या जागेवर बसली. मामाने हात दाखवला, गाडी हलली, शेडच्या दारापर्यंत दिमाखात गेली... आणि धप्प करून थांबली.

शेड आतून उंच होती. दार बुटकं होतं. इतके दिवस सगळ्यांनी गाडीकडे बघितलं होतं, दाराकडे कुणीच नाही.

मामा आधी हसला, मग चारी चाकांतली हवा कमी करायला लावली. गाडी अंगाने खचली, पण छपराने दाराची तुळई सोडली नाही. मामीने विचारलं, काय रे शिडी, माझ्या कठड्याचं माप तरी घेतलं होतंस ना? त्याचे कान लाल झाले होते.

ती मात्र गाडीत मागे गेली होती. मधोमध उभी राहून तिने हात वर केला. छपराला पोचला नाही. टाचा उंचावल्या, तरी नाही. कपाटाच्या वरची खुंटीही हाताला लागेना. आजपर्यंत ती इथे वाकून, बसून, रांगून काम करत आली होती. वर बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

"आत ये," ती म्हणाली.

तो मागच्या दाराने आत आला, सवयीने मान खाली घालून.

"सरळ उभा राहा."

तो हळूहळू सरळ झाला. कसलाही ठोका बसला नाही. त्याचं डोकं आणि छप्पर यांच्यामध्ये बोटभर जागा राहिली. नेमकी बोटभर.

"माझ्या डोक्यावर अजून अर्धी मी उभी राहीन," ती म्हणाली. "कुणाच्या मापाने केलंस हे?"

तो खाली बघत राहिला. खाली बघितलं की तीच दिसत होती, म्हणून मग खिडकीकडे.

"मी नेहमी आधी स्वतः उभा राहतो... आणि पेन्सिलीने खूण करतो." त्याने छपराच्या फळीवर बोट टेकवलं. "खूण केली तेव्हा मला वाटलंच नाही की मी यात नसेन. रोज घरी जाताना डोक्यात हेच असायचं. तू गाडी चालवतेस, मी मागे चहा ठेवतोय. मान न वाकवता. मग तेच माप हातून... चुकलं माझं. आजच्या आज कापून खाली आणतो. तुझ्या मापाचं होईल."

बाहेर मामा आणि मामी दोघंही गप्प होती, आणि हे त्या घरात फार क्वचित व्हायचं.

"आणि मग तू कुठे उभा राहशील?" तिने विचारलं.

त्याने वळून तिच्याकडे बघितलं.

"गावोगाव दारं असतात," ती म्हणाली. "कुठलं ना कुठलं घासत असेलच. सुताराला काय, लाकूड दिसलं की झालं... नाही का?"

"हो," तो म्हणाला. मग, खात्री करून घेतल्यासारखं, पुन्हा, "हो."

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मामा, छप्पर राहू दे. दार तोडायचंय."

मामीने शेडवरून दोघांचा बराच उद्धार केला. कोंबड्यांवर ऊन येईल म्हणाली, जावई शोधायला आम्ही कधी भिंती पाडल्या नव्हत्या म्हणाली. आणि मग पहिला हातोडा तिनेच आणून दिला. दुपारपर्यंत तुळई खाली आली. चाकांत हवा भरली. गाडी बाहेर पडली तेव्हा छपरावर उजेड असा सांडला की मामाने डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाला.

नदीकाठच्या रस्त्याला लागल्यावर झाडांच्या सावल्या काचेवरून सरकू लागल्या. एक सावली, एक ऊन... पुन्हा सावली. मागे कपात चमचा किणकिणत होता. ती चालवत होती; तो शेजारी बसला होता, हात गुडघ्यांवर, नजर समोर. पाणी चमकत होतं. आजवर त्याने तो एक शब्द उच्चारला नव्हता, आणि असा रस्ता, असा उजेड असताना कुणालाही वाटलं असतं की आता उच्चारणार.

"ऐक ना," तो हळूच म्हणाला.

"हं?" तिने गाडीचा वेग कमी केला. तिचे कानसुद्धा हसत होते.

"एक गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली. इतके दिवस गाडी उभी होती, त्यामुळे कधी विषयच निघाला नाही..."

"सांग की."

त्याने डोळे मिटले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला गाडी लागते. तुझ्या बाजूची काच जरा खाली घेतेस?"