पावलांची खोली

त्या दुपारी मी घरातून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत सासूबाईंच्या घरात घालायच्या चपला होत्या. काम साधं होतं. कॉलेजात जायचं, त्या चपला पायात घालायच्या, सासूबाईंसारखं चालायचं आणि परत यायचं.

“माझ्यासारखं चालणार म्हणतेस,” त्या दारात म्हणाल्या, “मग येता येता माझ्यासारखा स्वयंपाकही शिकून ये.”

त्यांच्या कडेवर ठकी होती. ठकी म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव लांबलचक आणि अर्थपूर्ण आहे, पण ते फक्त दवाखान्यात पुकारतात. तिने माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरून ठेवला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. रोजच लागायचं. बाकीच्या आयांना हे कसं जमतं, हा प्रश्न जिना उतरताना रोज माझ्यासोबत उतरायचा.

चपलांचं आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला वेडी समजाल. सिनेमात माणूस चालताना जो आवाज ऐकू येतो ना, तो बहुतेक वेळा त्याचा नसतोच. चित्रीकरणात माइक संवाद टिपण्यात गुंतलेला असतो. पावलं मागाहून, एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत दुसरंच कोणीतरी वाजवतं. याला फोली म्हणतात. मी सिनेमानिर्मितीच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि आमच्या कॉलेजात या जागेला सगळे पावलांची खोली म्हणायचे.

त्याआधी मी साहित्याची पदवी घेतली होती. तेव्हा लोक विचारायचे, पुढे काय? मग लग्न झालं, ठकी झाली, आणि विचारणं थांबलं. पुढचं सगळं जणू आटोपलंच होतं. मी सिनेमाच्या वर्गात नाव घातल्याबरोबर पुन्हा सुरू झालं, पुढे काय? धाकट्या दिरांनी तर भविष्यच सांगून टाकलं. “वहिनी, पिक्चर संपल्यावर पडद्यावर नावं सरकतात ना, तेव्हा लोक अंधारात आपल्या चपला चाचपत असतात. तुमचं नाव तिथे.”

आवाजाचे सर मात्र वेगळं सांगायचे. “कॅमेऱ्यामागे उभं राहायला रांग लागलीय. या खोलीत घाम गाळायला कोणी येत नाही. कलाशाखेच्या पोरांनो, पोटाला लागायचं असेल तर चालायला शिका.”

मी शिकत होते. शिकत नव्हती ती ठकी. बरोबरीची मुलं अंगणभर पळत होती, आणि ही फरशीच्या मधोमध बसून सगळ्या घराचं येणंजाणं बघायची. डॉक्टर म्हणाले होते, “मुलगी ठणठणीत आहे. काही मुलं उशिरा चालतात. तपासायचंच तर आईला तपासू.” सगळे हसले, मीही हसले. पण नवऱ्याची आत्या जाताना हळूच म्हणाली, “चालून जायचं कोणाकडे? आई घरात असली तर ना.” ते वाक्य माझ्या कानात राहायला आलं ते गेलंच नाही. शेवटी मी मनाशी ठरवून टाकलं. हे सत्र संपेपर्यंत ठकीने पाऊल टाकलं नाही, तर कॉलेज सोडायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तू ठरव.” संसारात याहून भीतीदायक वाक्य मी ऐकलेलं नाही. सत्र आता संपत आलं होतं.

पावलांची खोली तळमजल्यावर, अगदी आत. भरदुपारीही तिथे दिवा लावल्याशिवाय हात दिसायचा नाही. भिंतींना जाड गाद्या, दाराला गाद्या. आत गेलं की आधी बाहेरचं जग बंद व्हायचं, मग हळूहळू स्वतःचा श्वास मोठा होत जायचा. खाली जमिनीचे चौकोन होते: इथे फरशी, तिथे लाकूड, पुढे खडी, आणि दाराजवळ वाळू. जुन्या चामड्याचा आणि ओलसर वाळूचा वास. आणि एका भिंतीला फळ्याच फळ्या, त्यांवर बूट, चपला, खडावा, टाचांचे सँडल. शिकून बाहेर पडणाऱ्याने आपला एक जोड इथे ठेवून जायचा, अशी रीत होती.

ती रीत पाडली पावलंबाईंनी. आमच्या सरांना त्यांनी शिकवलं होतं. मी त्यांना पाहिलं नाही, मी यायच्या आधीच त्या वारल्या. पण त्यांचा नियम दाराच्या आतल्या बाजूला अजून लिहिलेला होता, आणि पहिल्या दिवशी सर तो प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घ्यायचे. पडद्यावर जो चालत नाही, त्याची पावलं वाजवू नका.

“का, सर?” दाढीने विचारलं होतं. दाढी म्हणजे माझा वर्गमित्र. माझ्यापेक्षा लहान, आणि त्या लहानपणावर त्याने दाढी वाढवलेली.

“काम वाढतं म्हणून,” सर म्हणाले. मग जरा थांबून, “आणि बाई म्हणायच्या, तसलं पाऊल सुटलं की मालक शोधत फिरतं.”

आम्ही हसलो होतो.

त्या दुपारी काचेपलीकडे यंत्रावर दाढीच होता. मी सासूबाईंच्या चपला घातल्या आणि पडद्याकडे बघत चालू लागले. माझा सिनेमा त्यांच्यावरच होता, त्यांच्या एका साध्या दिवसावर. त्या वळल्या की मी वळायचे, त्या थबकल्या की मी. गंमत सांगते, त्यांच्या चपलेने चालताना मला पहिल्यांदा कळलं की त्यांचा उजवा गुडघा दुखतो. घरात कधी बोलल्या नव्हत्या.

“झकास, ताई,” दाढीचा आवाज आला. “मशीन चालूच ठेवतो. चहा घेऊन आलोच.”

तो गेला. पडद्यावर शेवटचा शॉट फिरून फिरून येत होता. सासूबाई चौकटीबाहेर जातात, आणि फरशीवर ठकी एकटीच राहते. दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, नजर दाराकडे. कोणीतरी यायचं आहे अशी.

सगळ्यात खालच्या फळीवर लहान मुलाचे बूट होते, बोटभर लांबीचे, चामडं भेगाळलेलं. मुलांची पावलं वाजवायची तर असे बूट हातात घालून जमिनीवर वाजवतात. मी ते कधी घेतले, आठवत नाही. मी गुडघ्यांवर बसले होते आणि माझी बोटं त्या बुटांत होती, एवढंच आठवतं. मला फक्त ऐकायचं होतं. ती चालली असती तर कशी वाजली असती, एवढंच.

टप… टप टप… जरा तोल… टप.

पडद्यावर ठकी बसलेलीच होती. माझे डोळे भरून आले. मी हात उचलले.

टप.

माझे हात हवेत होते. बूट माझ्याच बोटांत होते.

टप टप… टप.

आवाज माझ्या उजवीकडून आला, आणि मग थोडा पुढून. फरशीवरून तो लाकडावर गेला, तेव्हा बदललासुद्धा. पोकळ झाला. ती खोली मला डोळे मिटूनही पाठ होती. तो आवाज कुठल्या फळीवर आहे ते मला कळत होतं… आणि तिथे कोणीही नव्हतं.

मग मागून दुसरं पाऊल पडलं. मोठ्या माणसाचं. सावकाश. एक पाय नीट उचललेला, दुसऱ्याची टाच घासत… सर्र… घाई नाही. लहान पाऊल अडखळलं, तसं ते थांबलं. लहान निघालं, तसं निघालं. लहान मुलाला बोट देऊन चालवताना मोठी माणसं चालतात, अगदी तसं.

“कोण…” माझा आवाज गाद्यांनी गिळून टाकला.

खडी किरकिरली. मग वाळू… आणि वाळूनंतर काहीच नाही.

“ताई, दार का उघडं टाकलंत?” दाढी दोन कप घेऊन उंबऱ्यावर उभा होता. “सगळा बाहेरचा गोंगाट आत आला असेल ना!”

मी दार उघडलं नव्हतं. ते जड दार ढकलायला मला दोन्ही हात लागायचे, आणि माझे दोन्ही हात अजून त्या बुटांत होते.

मी चहा घेतला नाही. सासूबाईंच्या चपला पायातच होत्या, तशाच घालून मी घरी निघाले. रस्ताभर एकच विचार होता: पाऊल मालक शोधत फिरतं… आणि या पावलाचा मालक मीच पडद्यावर दाखवून ठेवला होता, घरासकट. सिनेमानिर्मिती शिकलेल्या बाईने स्वतःच्या लेकीचा पत्ता असा द्यावा!

जिना चढले तर दार सताड उघडं. सासूबाई रडत होत्या, हसत होत्या, पदराने नाक पुसत होत्या.

“अगं कुठे होतीस! चालली! पोरगी चालली!”

ठकी त्यांच्या पायाशी बसून स्वतःच्या तळपायाकडे बघत होती. नवीनच आणलेली वस्तू असावी तशी.

“कधी?” मी विचारलं.

“आत्ता दुपारी. मी भांडी विसळत होते. मागे पावलं वाजली. मला वाटलं तूच आलीस आणि तिला धरून चालवतेस. वळून बघते तर एकटीच! अशी…” आणि त्यांनी उजवा हात खांद्याच्या वर धरला, मूठ अर्धवट मिटून. “राणीसारखी.”

“आई,” मी म्हटलं, “एकटीच्या पावलांनी तुम्हाला मी आलेय असं का वाटलं?”

“कोण जाणे. दोघींचा आवाज वाटला खरा.” मग माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, “माझ्या चपला रस्त्यातून घालून आलीस होय गं? काढ त्या बाहेर.”

मी ठकीला उचलून छातीशी धरलं. तिच्या तळव्यांना बारीक, ओलसर वाळू लागलेली होती. आमच्या घरात वाळू नाही. मी ती कोणाला न दाखवता ओल्या फडक्याने पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात मी ठकीचं चालणं चित्रित केलं. भीती वाटत होती, पण कॅमेरा डोळ्याला लावला की मला जरा धीर येतो. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग झाला. ती फरशीवरून चालली. एक हात वर.

कॉलेजात ते चित्र मी संगणकावर घेतलं. पावलं नव्याने वाजवायची माझी छाती नव्हती. म्हणून मी आदल्या दिवशीचं ध्वनिमुद्रण काढलं, आणि नुसतं ठेवून बघावं म्हणून चित्राखाली ठेवलं.

सिनेमा शिकलेल्या माणसाला विचारा, चित्राशी पाऊल जुळवणं म्हणजे काय डोकेदुखी असते. इकडे कापा, तिकडे सरकवा. मला एकही पाऊल सरकवावं लागलं नाही. लाकूड, खडी, वाळू त्या मुद्रणात कुठेच नव्हती; सगळी पावलं आमच्या घरच्या फरशीवरची होती. ठकी निघाली, पाऊल वाजलं. ठकीचा तोल गेला, आवाज अडखळला. आदल्या दिवशी वाजलेलं दुसऱ्या दिवशी ती चालत होती. आणि तिच्या शेजारी, जिथे चित्रात नुसतं ऊन होतं, तिथे कोणीतरी टाच घासत सावकाश चाललं होतं. ठकीचा वर गेलेला हात त्याच बाजूला होता.

मी सरांना बोलावलं. त्यांनी कानाला हेडफोन लावला.

“टाच,” ते म्हणाले. “बाईंची. शेवटी शेवटी फार दुखायची. आम्ही म्हणायचो, बसून शिकवा… बसायच्या नाहीत.”

“सर, माझं चुकलं. मी तो नियम…” मी संगणकाकडे हात नेला. “पुसून टाकू का हे?”

सरांनी डोळे पुसले आणि मग खास मास्तरी आवाजात म्हणाले, “बाईंना मूलबाळ नव्हतं. पण त्या काळच्या पडद्यावरची सगळी पोरं त्यांनीच चालवली. तू सोडलेलं पाऊल भलत्याच घरी जाऊ नये म्हणून स्वतः पोचवायला गेल्या असतील. दुखऱ्या पायाने. आणि तू पुसतेस?”

मी पुसलं नाही. कॉलेजही सोडलं नाही. सिनेमात ती पावलं तशीच आहेत. बघणाऱ्यांना वाटतं, आजी चौकटीबाहेरून सोबत चालतेय. त्या आवाजावरच मला स्टुडिओत नोकरी मिळाली. आता मी दिवसभर दुसऱ्यांसाठी चालते, महिन्याला पगार घेते, आणि दीर सिनेमा संपल्यावर चपला न शोधता माझं नाव येईपर्यंत बसून राहतात. माझा एक जोड त्या फळीवर आहे. पडद्यावर जो चालत नाही, त्याच्यासाठी मी अजून एकदाही पाऊल टाकलेलं नाही.

ठकी आता बालवाडीत जाते. पळते, उड्या मारते, घर डोक्यावर घेते. हात वर धरायची सवय गेली असं मी धरून चालले होते.

परवा सकाळी आम्हाला उशीर झाला होता. तिचा डावा हात धरून मी जिना भराभर उतरत होते.

“आई, हळू ना.”

“शाळेतल्या बाई ओरडतील गं ठके. चल पटपट.”

“हळू…” ती पायरीवर थांबलीच. “तिची टाच दुखते.”

टाचेचं मी घरात कधीच कोणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंनाही नाही.

मी ठकीच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो खांद्याच्या वर होता, मूठ अर्धवट मिटलेली. मी वेग कमी केला. माझं पाऊल, ठकीचं पाऊल… आणि कान शिकलेला असला की तो नको तेही ऐकतो.

शेवटच्या काही पायऱ्या उरल्या तेव्हा ठकीने मूठ सोडली, आणि खाली पोचून वर बघत उभी राहिली. मीही तिच्याजवळ उभी राहिले, पिशवी खांद्यावर. जिन्यावर एक टाच अजून घासत, सावकाश, खाली येत होती.