कालच्यासारखीच

शिगवणांच्या घरात सात वर्षांत पडदे बदलले नव्हते. फाटले की रेवतीताई त्याच कापडाचं ठिगळ लावत. सकाळी तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी, बाबांची खुर्ची खिडकीच्या डाव्या अंगाला, रेडिओवर तेच केंद्र. हा कंजूषपणा नव्हता की आळस नव्हता; डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य होतं. चिपळुणात अशी पन्नासेक घरं होती, आणि तिथे जाताना पाहुणे नवा शर्टसुद्धा घालत नसत.

पथ्य होतं बाबांच्या स्मरणपट्टीचं. बाबा, म्हणजे सिद्धेश शिगवण, घाटात एसटी चालवायचे. विनाचालक बसगाड्या राज्यभर धावू लागल्या तरी घाटातल्या धुक्यात त्यांना अक्कल सुचेना, म्हणून तिथे माणसं टिकून होती. मग त्यांना मेंदूज्वर झाला आणि नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भागच त्यात गेला. त्याची भरपाई म्हणून कानामागे, कवटीच्या आत, नखाएवढी पट्टी बसवली गेली. संगणकात माहिती साठवायला जी न फिरणारी, न खडखडणारी सॉलिड स्टेट ड्राइव्ह असते, तिचीच ही मज्जातंतूंना जोडलेली धाकटी बहीण.

तेव्हा त्यांची केतकी बारा वर्षांची होती. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि अजून दोन वेण्या घालत होती, कारण एकदम केस कापणं पथ्यात बसत नव्हतं. रोज बाबा विचारत, "केतके, सातवीची चाचणी कधी गं?" आणि ती म्हणे, "सोमवारी, बाबा." तो सोमवार सात वर्षं उजाडला नव्हता. कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती आणि घराची पायरी चढली की सातवीत जायची. कधी कधी तिला वाटे, बाबांच्या डोक्यात कुणीतरी आपल्याला कोंडलंय आणि किल्ली हरवून बसलंय.

पथ्यात एकच सूट होती, संध्याकाळी अर्धा तास गेम. बाबांचे हात स्टिअरिंगला आसुसलेले, म्हणून घाटातल्या शर्यतीचा गेम आणला होता. पडद्यासमोर दोन चाकं, एकावर बाबा, एकावर केतकी. आणि हल्ली नेमकी तिथेच पट्टी बंद पडू लागली. खेळता खेळता बाबा डोळे उघडे ठेवून थिजत. तीन मिनिटांनी भानावर येत तेव्हा मागचा अर्धा तास पुसलेला असे. महिन्यात नऊदा झालं, तेव्हा परकारांना बोलावणं गेलं.

फैयाज परकार स्मरणपट्ट्या दुरुस्त करणारे अभियंते. बोलायला सावकाश, पण नाद न सोडणारा माणूस. "गेममध्ये ड्राइव्ह तापते, हे माझ्या आजोबांच्या काळापासूनचं दुखणं आहे," असं म्हणून त्यांनी बाबांच्या कानामागे टॉवेलात गुंडाळलेला बर्फ धरून केतकीला खेळायला लावलं. बाबा थिजले. दुसऱ्या दिवशी पट्टीला वीज पुरवणारी चकती बदलली. बाबा थिजले. तिसऱ्या दिवशी पट्टीची आज्ञावली नव्याने भरली, तरी तेच. चौथ्या दिवशी परकारांनी केतकीला उठवून स्वतः चाक धरलं. त्यांची गाडी अकरा वेळा दरीत गेली, बाबा पोट धरधरून हसले, आणि पट्टीला काही झालं नाही. मग रेवतीताई खेळल्या; पट्टी ठणठणीत. केतकी बसली आणि चौथ्या मिनिटाला बाबा थिजले.

"म्हणजे बिघाड गेममध्ये नाहीच," परकार म्हणाले.

"माझ्यात आहे," केतकी म्हणाली.

परकारांनी बाबांना खुर्चीत नीट टेकवलं आणि मायलेकींना ओटीवर नेलं.

"पट्टी लिहिते कशी, ते ऐक. आत इवल्या इवल्या खोल्या आहेत. त्यांत इलेक्ट्रॉन कोंडले की आठवण झाली. पण दर वेळी कोंडताना नि सोडताना खोलीची भिंत झिजते. म्हणून पट्टी काटकसर करते. जे कालच्यासारखंच आहे ते पुन्हा लिहीत नाही, नुसती खूण करते. आम्ही तिला 'कालवत्' खूण म्हणतो. भाकरी कालवत्, खुर्ची कालवत्. तुमचं सगळं पथ्य त्यासाठीच."

"आणि मी?"

परकारांनी चष्मा काढला. "पोर एका दिवसात कितीशी वाढते? पट्टी आजची तुलना कालशी करते, कालची परवाशी. पहिल्या चित्राशी ती ताडून बघतच नाही. तू अडीच हजार दिवस कालवत् आहेस, बेटा. त्यांना दिसते ती बारा वर्षांची."

"मला तरी कुठे दिसलं?" रेवतीताई हळूच म्हणाल्या. "परवा तिची चप्पल पायात घातली तर ती मला मोठी. तेव्हा कळलं."

"गेममध्ये ही हल्ली एका हाताने घाट उतरते," परकार म्हणाले. "शिगवणभाऊंच्या मनात येतं, ही कोण? पट्टी मूळचं चित्र बाहेर काढते आणि सात वर्षांचा फरक एकदम अंगावर येतो. तेवढं लिहायला गेली तर तिच्या खोल्या संपतील. म्हणून सुरक्षेसाठी ती स्वतःला बंद करून घेते."

गेम बंद केला तर पट्टी आणखी पंधरा वर्षं बिनतक्रार चालणार होती. नाहीतर परकार सुरक्षा काढून तिला एकदाची केतकी लिहू देणार. पण मग कुलूप. म्हणजे लिहिलेलं वाचता येईल, नवं मात्र अक्षरही लिहिता येणार नाही. दिवसभराचं पट्टीच्या तात्पुरत्या पाटीवर राहील आणि झोपेत पुसलं जाईल. रोज सकाळी त्यांच्यासाठी 'काल' म्हणजे तीच एक संध्याकाळ. दुसरी पट्टी बसवायची सोय नव्हती. मज्जातंतू हिच्यातच रुजले होते.

"नको," रेवतीताई म्हणाल्या. "आहेत तसे असू देत."

केतकीला आईचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. ती आत गेली. बाबा भानावर आले होते. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून तिने सगळं सांगितलं. बाबा तिच्याकडे टक लावून बघत राहिले, जणू काचेवरचं धुकं पुसत होते.

"उभी राहा बघू," ते म्हणाले आणि स्वतःही उठले. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, तो तिच्या खांद्याला लागला. ते चपापले. मग पुन्हा पहिल्यासारखे हसले. पट्टीने त्यांची समजूत घातली होती. पण हात त्यांनी खांद्यावरून काढला नाही.

"परकारभाऊ," त्यांनी हाक मारली. "घाटात पुढचं दिसेना तर आम्ही गाडी उभी करतो. सात वर्षं मी तशीच हाकतोय होय? काढा ती सुरक्षा."

"अहो, पण मग..." रेवतीताई दारातून म्हणाल्या.

"माझी पोर मला दिसत नाही, रेवती."

रविवारी दुपारी रेवतीताईंनीच केतकीच्या वेण्या सोडल्या. चार वाजता परकारांनी यंत्र जोडलं आणि बापलेक चाकांशी बसले. हसायचं, असं केतकीने ठरवलं होतं. चौथ्या मिनिटाला तिने एका हाताने अवघड वळण काढलं. बाबांची गाडी कठड्यावर आपटली, कारण ते पडद्याकडे बघतच नव्हते.

"केतके," ते म्हणाले. "अगं, केवढी झालीस! कधी झालीस एवढी?"

तिला हसता आलं नाही. सात वर्षांचं साचलेलं एकदम वर आलं. ती हुंदके देत, नाक पुसत, लहान मुलीसारखी रडत राहिली. बाबांनी तिचे डोळे पुसायला हात उचलला आणि परकारांचं यंत्र वाजलं.

"लिहून झालं," ते म्हणाले. "कुलूप पडलं."

सोमवारी सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले आणि एकोणीस वर्षांच्या केतकीकडे एकोणीस वर्षांच्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. तेवढ्या एका क्षणात तिला सगळं भरून पावलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"केतके, काल का रडत होतीस गं? कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही, बाबा. आनंदाने रडले."

"आनंदाने असं रडतात होय?" त्यांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. दिवसभर ती हसून दाखवत राहिली, तेव्हा संध्याकाळी कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी तोच चेहरा, तोच प्रश्न. केतकीने खरं सांगून पाहिलं, खोटं सांगून पाहिलं, परकारांकडून सांगवलं. दर संध्याकाळी बाबा निश्चिंत होऊन झोपत, आणि दर सकाळी त्यांची पोर कालच रडलेली असे. बाराव्या दिवशी ती पहाटेच मैत्रिणीकडे निघून गेली. आपण समोर नसलो तर त्यांना आठवणार नाही, असं तिला वाटलं.

आठ वाजता आईचा फोन आला. "लगेच घरी ये. काल एवढी रडत होती, कुठे गेली, काय करून बसली, म्हणत तुला शोधायला निघालेत. ऐकत नाहीत."

ती धावत आली. बाबा रस्त्यावर होते, पाय अनवाणी, दिसेल त्याला तिचं वर्णन सांगत होते, उंची, रंग, मोकळे केस, सगळं अगदी बरोबर. तिला बघताच त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"कुठे होतीस? अगं, काल का रडत होतीस?"

"सांगते, बाबा," केतकी म्हणाली. "घरी चला, सांगते."