तिल्लीची डबी

सोलापूरच्या किरणन केंद्रात शेवंता घोणे गंधपरीक्षक होती. खाटकाची लेक. तीस वर्षांत तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं, आणि हे ती साहेबांनाही ऐकवायची.

त्या सकाळी केंद्राचे साहेब डॉ. वैशंपायन यांनी बोकडाच्या मटणाचं निर्वात पाकीट तिच्यापुढे फोडलं. गॅमा किरणांनी जंतू मारलेलं, शीतपेटीत चाळीस दिवस ठेवलेलं. अशीच पाकिटं बर्फातल्या लष्करी ठाण्यांवर जाणार होती. शेवंताचा मुलगा विक्रांत त्यातल्याच एका ठाण्यावर होता.

"ताजं," ती म्हणाली.

"या पेटीचं शीतयंत्र बारा दिवस बंद होतं, शेवंताबाई. यात विष सापडलंय."

तिनं पुन्हा हुंगलं. काहीच नाही.

"मग वास का न्हाई मारत?"

"वास सोडणारे जंतू नाजूक, ते किरणांनी मेले. पण विष करणाऱ्या जंतूंचं बी कवचात असतं, ते या मात्रेला जगतं. थंडीत झोपतं, ऊब लागली की उगवतं."

"म्हंजी तुम्ही चोर सोडला आणि कुत्री मारली. मात्रा वाढवा की."

"चव बिघडते म्हणतात. मी खात नाही."

"न खाणाऱ्यानं मटणाचं यंत्र बांधलं, मग असंच व्हायचं."

"प्रकल्प बंद करतो, बाई."

"आणि पोरांनी तिथं वाळकी डाळच खायची?" ती तापली. "आमच्यात बोकड सोलला की तिल्ली, म्हंजी त्याची पानथरी, दारात टांगतात. सगळ्यात आधी तीच नासते. ती वास मारायला लागली की मटण विकणं बंद. पेटीत तिल्ली ठेवा, किरण न दाखवता."

"ती थंडीतही नासेल." डॉक्टरांनी वही पुढे ओढली. "पण तिच्यातले जंतू आधी मारून नवे पेरता येतील. वासाचे, निरुपद्रवी, विष उगवतं त्याच उबेला जागे होणारे. जाळीच्या डबीत."

"पेरा मग."

त्या हिवाळ्यात विक्रांतच्या ठाण्यावर कुणीतरी एक पेटी शेगडीजवळ ठेवली. चौथ्या दिवशी आतल्या डबीच्या वासानं खोलीत उभं राहवेना. जवानांनी नाक धरून पेटी दरीत फेकली. सगळे जिवंत आहेत.

जंतू मारायला बांधलेल्या केंद्रात आता जंतू पाळायचा विभाग आहे. दारावर पाटी आहे: प्रमुख, शेवंता घोणे. तुमचं शिक्षण किती, असं विचारणाऱ्याच्या हातात ती आधी एक पिकलेली डबी उघडून देते.