रिकाम्या सीपीयूची तपासणी

“चौथा स्क्रू हलेना!” भोंगा किंचाळला.

“हळू बोल! बाबा दुपारचे झोपलेत, उठतील,” मुंगी दबक्या आवाजात ओरडली.

भोंगा हा मुंगीचा मावसभाऊ, सुट्टीसाठी आलेला. हळू बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तिसरी होती शेजारची चष्मिस. ती चॉकलेटच्या वेष्टनावरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचायची. घरच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा सीपीयू समोर आडवा पडला होता. त्याच्या सगळ्या वायरी चष्मिसने आधीच काढून ठेवल्या होत्या.

“पण मुंगे,” चष्मिस नाक स्क्रूला टेकवत म्हणाली, “डॉक्टर हा उघडून पाहिला म्हणाले ना? मग स्क्रूंच्या खाचांत ही धूळ गच्च कशी?”

डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. सोमवारी जवळच कुठेतरी वीज पडली आणि कॉम्प्युटर जो मेला, तो बटण दाबून दाबून बोट दुखलं तरी हूं की चूं करेना. डॉक्टरांनी तो एक दिवस ठेवून घेतला आणि निकाल दिला, “हार्ड डिस्कसकट सगळं जळालं. प्लग लावून ठेवला की दुसरं काय होणार!”

आणि तेव्हापासून मुंगीचं घरात जगणं मुश्कील झालं होतं. कारण आभाळ गडगडलं की कॉम्प्युटरचा प्लग काढायचा, हे या घरात तिचं काम. तिने तो काढला होता! पहिल्या गडगडाटालाच काढला होता! पण बाबा म्हणाले, “विसरलीस, वर खोटं बोलतेस?” आईने नुसता उसासा टाकला. आणि ताई? ताईची दोन वर्षांची चित्रं त्या डिस्कमध्ये होती. चित्रकलेच्या कॉलेजला ती शनिवारपर्यंत पाठवायची होती. दोन दिवस झाले, ताई मुंगीशी चकार शब्द बोलली नव्हती. एका खोलीत झोपायच्या दोघी, पण मधे जणू भिंत उभी राहिली होती.

कर्रर्र! चौथा स्क्रू निघाला. तिघांनी डोकी आत खुपसली.

“इथे बघ!” चष्मिस म्हणाली. इंटरनेटची वायर जिथे खोचतात, तेवढीच जागा काळीठिक्कर पडली होती. बाकी सगळं धुळकट, पण धडधाकट.

“म्हणजे वीज प्लगमधून आलीच नाही,” मुंगी सावकाश म्हणाली. “नेटच्या वायरीतून आली.”

तिघंही गच्चीवर पळाली. ती वायर पाण्याच्या टाकीच्या उंच लोखंडी खांबाला तारेने करकचून बांधली होती. गेल्या महिन्यात बाबांनीच बांधली होती ती. वायरमन ‘इथून नको’ म्हणत असताना, “मला शिकवू नका” असं त्याला सुनावून!

खाली येऊन चष्मिसने डिस्क अलगद सोडवली आणि आपल्या घरच्या कॉम्प्युटरला जोडली. क्षणभर काहीच दिसेना. मग एकापाठोपाठ एक चित्रं उमटली. ताईचं झोपलेलं मांजर, ताईचा बसस्टॉप, ताईने काढलेली दात पडलेली मुंगी!

“चला, सांगू या सगळ्यांना!” भोंगा उसळला.

“नाही,” मुंगी म्हणाली. “बाबा म्हणतील, नशीब चांगलं. प्लगबद्दल माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? डॉक्टर सांगतील तेच खरं. आधी ते किती खरं बोलतात ते दिसू दे.”

तिघांनी चित्रांची एक प्रत काढून ठेवली. डिस्क न बसवता सीपीयू तसाच रिकामा बंद केला आणि बाबांच्या मागे लकडा लावला. “एकदा, फक्त एकदा पुन्हा दाखवू या!” बाबा कुरकुरत तयार झाले. सकाळी सीपीयू दुकानात गेला. संध्याकाळी सगळी वरात तिथे हजर. ताईसुद्धा.

“पुन्हा नीट उघडून पाहिला हं,” डॉक्टर हात पुसत म्हणाले. “डिस्क या डोळ्यांनी पाहिली. नुसता कोळसा!”

“नक्की पाहिलीत काका?” भोंग्याने भाबडा चेहरा केला.

“अरे, हातात धरून पाहिली!”

चष्मिसने दप्तरातून मऊ कापडाची गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. “मग ही कुठली? डिस्क कालपासून आमच्या घरी आहे. या सीपीयूत डिस्कच नाहीये!”

डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ताई डिस्ककडे झेपावली. मुंगीने सीपीयू उघडून ती काळी जागा दाखवली आणि वीज कोणत्या वायरीतून आली तेही सांगितलं. वायर कोणी बांधली, ते तिने मुद्दाम सांगितलं नाही. बाबा खाली बघू लागले. त्यांना कळलं होतं.

रात्रीच्या जेवणाला काका-काकू आले, चष्मिसची आई आली. कौतुकाला नुसता ऊत आला! “काय डोकं लढवलंय पोरांनी!” काका म्हणाले. बाबा तर रंगात आले होते. “या डोळ्यांनी पाहिली म्हणे!” डॉक्टरांची नक्कल करून त्यांनी सगळ्यांना हसवलं. गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. तिन्ही वेळा त्यात गच्चीवरची वायर नव्हती.

“माझी वाघीण ती!” त्यांनी मुंगीच्या पाठीवर थाप मारली.

“बाबा, मी प्लग काढला होता,” मुंगी म्हणाली.

“हो गं, ते कळलंच की आता.”

“मी सोमवारीच सांगितलं होतं.”

ताईने घास खाली ठेवला. “मुंगे, माझं चुकलं,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मी तुला एकदा तरी नीट विचारायला हवं होतं. बाबा, तुम्हीही म्हणा ना.”

“लेकरांची कसली माफी मागायची!” बाबा मोठ्याने हसले. “भाजी वाढ गं तिला.”

काका हसले. काकू हसल्या. आईही थोडंसं हसली. मुंगीला वाटलं, डिस्क सापडली नसती तर? तर ती जन्मभर या घरात खोटारडीच राहिली असती, आणि ताई सोडली तर याचं इथे कोणालाही काही वाटत नव्हतं.

ती उठली, ताट घासायला ठेवलं आणि खोलीत गेली. पाठोपाठ ताई आली आणि तिच्या शेजारी बसली. बाहेर बाबांनी गोष्ट चौथ्यांदा सुरू केली होती.